आईचा चेहरा आणि बाळाची नजर

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं. गोळ्या चालू आहेत, बरीच सावरलेही आहे. पण घरात कुणी घाबरून डोळे मोठे केले की ही टक लावून बघत बसते, आणि मी हसले तर नजर फिरवते. सासूबाई म्हणतात, ‘आईचा उतरलेला चेहरा बघून बघून तिला तीच सवय लागली.’ खरं आहे का हे?
– एक आई

उत्तर : सासूबाईंचं निरीक्षण चोख, निदान मात्र चुकलं. सातव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक बाळं असंच करतात, आई ठणठणीत असली तरी. हे तपासायची संशोधकांची रीत मजेशीर आहे. बाळाला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसवायचं, मधोमध एक चेहरा दाखवायचा आणि मग कडेला एखादी नक्षी झळकवायची. चेहरा हसरा असेल तर बाळ लवकर नक्षीकडे वळतं, भेदरलेला असेल तर तिथेच रेंगाळतं.

नैराश्याचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. चेहरा कमी हलतो, आवाज सपाट होतो, बाळाच्या हुंकाराला ‘काय गं?’ उशिरा येतं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आयांना थोडा वेळ मुद्दाम निर्विकार बसायला सांगितलं, तेव्हा बाळांनी आधी हसून, हात हलवून त्यांना बोलावलं आणि मग तोंड फिरवलं. पण नैराश्य आलेल्या आयांच्या बाळांवरचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. कुठे बाळं उदास चेहऱ्यावर खिळलेली दिसतात, कुठे तो टाळताना. त्यावरून तुमच्या लेकीचं भविष्य कुणी सांगू नये.

ती नजर फिरवते तेव्हा बहुधा उसंत घेत असते. तिच्या तोंडासमोर नाचू नका, थांबा. परत बघेल तेव्हा बोला. ओढूनताणून हसायचीही गरज नाही. अगदी आनंदी मायलेकींचे सूरसुद्धा बराच वेळ जुळलेले नसतात; ते पुन्हा जुळतात, हे महत्त्वाचं.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लेक कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल, तर तिचे डोळे-कान तपासून घ्या. आणि सासूबाईंना सांगा, रोज थोडा वेळ नातीशी त्यांनी गप्पा माराव्यात. तेवढ्यात तुम्ही झोप काढा.