आरएक्स १०० चं बॅफल काढल्यावर खालचा पिकअप गेला; मेन जेट मोठा टाकू का?

आधी बॅफल, म्हणजे सायलेन्सरच्या टोकातली आवाज दाबणारी नळी, परत बसवा. मेन जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य छिद्राला, आत्ता हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९४ ची, इंजिन स्टॉक, बॅफल काढल्यापासून आवाज वाढला पण खालचा पिकअप मेला, आणि मेकॅनिक म्हणतो, "बॅकप्रेशर गेलं, मेन जेट मोठा टाकू." त्याचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावर तुमचे पैसे जातील.

टू-स्ट्रोकला बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा अडथळा, लागतं असं गॅरेजमध्ये सर्रास बोलतात. खरं तर लागते ती दाबाची लाट, आणि तीही वेळेवर. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरातला धूर बाहेर सोडणारं भोक) उघडलं की दाबाची एक लाट बेंड पाइपमधून निघते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून ओढ परत फिरते आणि जळका धूर बाहेर खेचते. त्या ओढीत ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरात मिश्रण आणणाऱ्या वाटेतून) आलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रणही थोडं पाइपात सांडतं. पुढे पाइप निमुळता होतो तिथून मात्र दाब परत येतो आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते सांडलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसलेल्या इंजिनात दार लोटायचं काम या लाटेकडे आहे. हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात रेसच्या गाड्यांवर पक्कं बसवलं. १९६१ मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि हे तंत्र घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. सायलेन्सरच्या आकारासाठी माणसं देश सोडत होती, आणि आपण हॅक्सॉ घेऊन बसतो!

आता हिशोब बघा. आरएक्स १०० ची ११ बीएचपी ताकद ७५०० आरपीएमला मिळते. तेव्हा क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं धरलं तर हातात ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला अंदाजे ५०० मीटर धावते, म्हणजे तेवढ्या वेळात २ मीटर. जाऊन-येऊन धरायचं, म्हणून पिस्टनपासून निमुळत्या भागाच्या टोकापर्यंत मीटरभराच्या आसपास लांबी येते. आता हाच पाइप ३००० आरपीएमला काय करेल? पोर्ट १० मिलिसेकंद उघडं आणि लाट चौथ्यालाच दारात हजर. म्हणजे चुकीच्या वेळी. म्हणून कुठलाही पाइप एका ठरावीक पट्ट्यातच साथ देतो.

बॅफल काढल्यावर आतले रुंद-निमुळते भाग तसेच राहतात, बदलतो शेवटचा अडथळा. सायलेन्सरच्या पोटात सरासरी दाब किती राहणार ते त्यावर ठरतं. तो फार मोकळा झाला की परत ढकलणारी लाट दुबळी पडते, मिश्रण फुकट बाहेर जातं आणि गाडी खाली मरते. मेकॅनिकचं बरोबर असलेलं निम्मं हेच. उलट शेवटची नळी फार बारीक असली किंवा कार्बनने चोंदली, तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टनचा माथा भाजतो.

मेन जेटचं मात्र त्याचं चुकतंय. पाइप आरपीएम बघतो, कार्बोरेटर थ्रॉटल किती उघडलाय ते बघतो. मिकुनीच्या या साध्या कार्बोरेटरमध्ये आयडलपासून पहिल्या एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट (आयडलचं छोटं छिद्र) आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत मुख्यतः स्लाइडचा (थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कट, पाव ते पाऊण त्या स्लाइडला लटकलेली नीडल, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. तुमची तक्रार खालच्या पिकअपची. तिथे मेन जेटचा संबंध जवळजवळ नाही.

ओळखायचं कसं? अॅक्सिलरेटरच्या ग्रिपवर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मोकळ्या रस्त्यावर वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवा. गाडी प्रत्येक गिअरमध्ये त्याच आरपीएमला मरत असेल आणि थ्रॉटल कमी-जास्त करून फरक पडत नसेल, तर दोष पाइपकडे. आरपीएम कितीही असो, ठरावीक खुणेवरच अडखळत असेल, तर कार्बोरेटर उघडा. स्टॉक गाडीवर आरपीएम मीटर नाही, पण आवाजावरून पुरेसं कळतं.

एक सापळा इथे बऱ्याच जुन्या गाड्यांना बसतो. सायलेन्सर वर्षानुवर्षं साफ केलेला नसतो, त्यामुळे इंजिनात हवा कमी जाते, गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालल्यासारखी वाटते, प्लग काळा पडतो. मग कोणीतरी जेट लहान करतं आणि गाडी बरी चालते. पुढे सायलेन्सर जाळून किंवा कॉस्टिकने साफ झाला की हवा मोकळी होते, जेट मात्र लहानच. आता ती लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, आणि पुणे-मुंबईच्या फुल थ्रॉटलवर पिस्टन धरायला, म्हणजे सिलिंडरात अडकून बसायला, एवढं पुरतं. म्हणून क्रम असा ठेवा: सायलेन्सर साफ आणि बॅफलसकट, एक्झॉस्ट गॅस्केट घट्ट, एअर फिल्टर स्वच्छ, इनटेक रबर आणि क्रँक सील हवा खात नाहीत याची खात्री. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

एअर स्क्रू दीड फेऱ्यावरून सुरू करा. आत घातला की रिच, बाहेर काढला की लीन; इंजिन गरम असताना आयडल सगळ्यात वर आणि स्थिर लागेल तिथे सोडा. तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट जेटचा नंबर लहान करायला हवा. नीडलची क्लिप एक खाच खाली केली की नीडल वर येते, म्हणजे रिच.

ऑइल पंप काढून टाकलेला असेल आणि पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळत असाल, तर "जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" हेही पूर्ण खरं नाही. त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण किंचित लीन होतं. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासावा लागतो. महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवर बरोबर बसवलेली गाडी कोकणात उतरली की लीनकडे झुकते, हेही लक्षात असू द्या.

बॅफल बसवूनही वरच्या थ्रॉटलला गाडी कोरडी, टणटणीत आवाजात ओढत असेल, तर मात्र मेन जेट एक नंबर मोठा करून बघाच. तेव्हा कारण पेट्रोल असू शकतं: साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) १३.५ च्या आसपास, आणि १९९४ चा जेट हे धरून बनवलेला नाही.