क्षाराभ की अल्कलॉइड?

प्रश्न असा आला आहे: पेयोटी या निवडुंगाच्या रासायनिक पृथक्करणावर मराठीत लिहायचं आहे, त्यातल्या मेस्कॅलिनसारख्या अल्कलॉइडांना, म्हणजे वनस्पतींत तयार होणाऱ्या, अल्कासारख्या गुणांच्या द्रव्यांना, हिंदीतल्याप्रमाणे 'क्षाराभ' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. अडचण 'क्षार' या शब्दातच आहे. आपण शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार असं त्रिकूट शिकतो. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरला की 'पाण्यात क्षार फार' म्हणतो. हिंदीत त्या तिसऱ्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे आपला अल्क (पाण्यात विरघळणारा आम्लारिधर्मी पदार्थ). त्यामुळे हिंदी वाचकाला क्षाराभ म्हणजे 'अल्कासारखा' असं नेमकं कळतं, मराठी वाचकाला मात्र 'मिठासारखा' असं वाटेल.

आणि इथे क्षार वेगळा दाखवावाच लागतो. मेस्कॅलिन स्वतः आम्लारिधर्मी असतं, हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की मेस्कॅलिन हायड्रोक्लोराइड हा क्षार तयार होतो. मग 'क्षाराभाचा क्षार' असं लिहायचं का?

हिंदीचं चुकतंय असं मुळीच नाही. जुना अर्थ त्यांनीच सांभाळला आहे. आयुर्वेदातला आघाड्याचा क्षार म्हणजे झाड जाळून, राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून आटवलेला अल्कच. पापडखारातल्या 'खार'मध्ये आपल्याकडेही तो अर्थ टिकून आहे. 'अल्कली' हा शब्दही अरबीतून आला तो अशाच वनस्पतींच्या राखेवरून. त्याला 'सारखा' अर्थाचा प्रत्यय जोडून जर्मनीतल्या हाल्ले इथले औषधनिर्माते माइसनर यांनी 1819 च्या सुमारास 'अल्कलॉइड' घडवला. म्हणजे क्षाराभ हा व्युत्पत्तीने अगदी चोख अनुवाद आहे, आणि तरीही मराठीत तो दिशाभूल करतो. मला स्वतःला हा शब्द सोडताना वाईट वाटतं, इतका तो सुरेख आहे.

एक वाक्य करून बघा. टेक्सासमधल्या शुमला गुहांत सापडलेल्या, सुमारे 5700 वर्षांपूर्वीच्या पेयोटीच्या नमुन्यांचं पृथक्करण 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात साधारण 2 टक्के अल्कलॉइडे मिळाली आणि ओळख पटली ती फक्त मेस्कॅलिनची. इथे '2 टक्के क्षाराभ' लिहिलंत तर वाचक गुहेतल्या मातीचे क्षार समजून पुढे जाईल, आणि इतक्या वर्षांनंतरही ते द्रव्य शाबूत राहिलं हे नवल निसटेल.

तेव्हा 'अल्कलॉइड'च लिहा. मराठी विश्वकोशाने तेच घेतलंय, नपुंसकलिंगी: ते अल्कलॉइड, ती अल्कलॉइडे. अनेकवचन तुम्हाला सतत लागेल, कारण पेयोटीत अशी पन्नासहून अधिक द्रव्यं आहेत. लाइपझिगचे जर्मन औषधशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनी त्यांतली काही वेगळी केली, एकेक स्वतःवर घेऊन पाहिलं, आणि 1897 मध्ये भास घडवणारं द्रव्य मेस्कॅलिन हेच असल्याचं ठरवलं. तो प्रसंग लिहिताना 'पेयोटीतलं अल्कलॉइड' असं एकवचन चुकूनही नको. त्यांचा सगळा शोध अनेकांतलं नेमकं कोणतं, हाच होता.

जाता जाता: पेयोटीला 'निवडुंग' म्हणायला हरकत नाही, पण तो बिनकाट्यांचा, जमिनीलगतच्या गोल गड्ड्यासारखा असतो हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. नाहीतर आपल्या डोळ्यांपुढे कुंपणावरचा फड्या उभा राहतो.