कडुनिंब, ऊन आणि लेकीची एमएस्सी

प्रश्न : मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये तिने कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क वापरून झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर केली आणि मिथिलीन ब्लूचं निळं पाणी उन्हात ठेवून नितळ करून दाखवलं. आता ‘नॅनो’तच एमएस्सी करायची म्हणते. यात नोकरी मिळेल का? – एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

नमस्कार,

पंचगंगेकाठी वाढलेल्या पोरीला हा विषय भुरळ घालणारच. नोकरीचं सांगतो, पण आधी तिला एक विचारा : पावडर घातलेला एक बीकर अंधारात आणि पावडर न घातलेला एक बीकर उन्हात ठेवला होतास का? मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही थोडा विटतो, शिवाय पावडरीला चिकटूनही पाण्यातून जातो. रंगाचा रेणू प्रकाशाने तुटला की पावडरीवर जाऊन बसला, हे त्या दोन बीकरांशिवाय कळत नाही. आणि रंग गेला तरी सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, उतरला का, तेही मोजावं लागतं. ‘ठेवले होते’ असं उत्तर आलं, तर तिला संशोधनाकडे बिनधास्त जाऊ द्या.

झिंक ऑक्साइडसारखंच प्रकाशात काम करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवरचा फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांचा गाजलेला निबंध १९७२चा. तेव्हापासून या विषयावर कागद भरपूर निघाले. कारखान्यात मात्र गाडी अडते. झिंक ऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं पाणी गडद, खारट. त्यात प्रकाश आत शिरतच नाही. वर ती बारीक पावडर पाण्यातून परत काढायची कशी? म्हणून फक्त या कामासाठी माणूस घेणारी कंपनी मला तरी अजून भेटलेली नाही. माणसं लागतात ती सीईटीपीत (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात), पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये, रंग-रसायनांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत. तिथल्या जाहिरातीत बहुधा ‘एमएस्सी केमिस्ट्री’ लिहिलेलं असतं.

तेव्हा पदवी साध्या केमिस्ट्रीतच घ्यावी, शक्यतो ॲनालिटिकल किंवा फिजिकल. नॅनो प्रोजेक्टला ठेवावं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, घराजवळ आहे, मोह होईल. तरी माझं मत हेच. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते. पीएचडीला नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहेच.

तुमच्या ओळखीत एखादा प्रोसेसवाला असेलच. त्याच्याकडून बाटलीभर खरं सांडपाणी तिला आणून द्या. तिची पावडर तिथे कितपत चालते, तिचं तिलाच बघू दे. आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मात्र त्यासाठी अडवू नका. तो सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावा लागतो, परीक्षा फेब्रुवारीत.