दुपारी वीस मिनिटंच झोप

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

म्हापशाचं दुकान १ वाजता बंद होतं, ३.३० ला उघडतं, आणि मधे तासभर झोपूनही संध्याकाळपर्यंत डोकं जड राहतं, असं तू लिहिलंस. तो तासभरच नडतो आहे.

डोळा लागल्यावर पहिली वीसेक मिनिटं झोप उथळ असते. अर्ध्या तासानंतर ती गाढ होत जाते. गजर नेमका त्या गाढ झोपेत वाजला की जी सुस्ती येते, ती अर्धा तास तरी हटत नाही. ९० मिनिटांत झोपेचं एक चक्र जवळपास पुरं होतं आणि जाग सोपी येते. पण एवढी झोप रोज घेतलीस तर रात्री तळमळत पडशील. जत्रेतल्या नाटकाचं जागरण झालं असेल किंवा पुढे रात्रपाळी असेल, तेव्हाच ती घे. एरवी २० मिनिटं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले.

दुपारी १ ते ३ च्या दरम्यान शरीराचं घड्याळच मंदावतं, उपाशी असलास तरीही. भरपेट शीत-हुमणाने, म्हणजे भात नि माशांच्या आमटीने, ती गुंगी वाढते. हुमण सोडू नकोस, शीत मात्र दोन घास कमी घे. जेवल्यावर लगेच आडवा होऊ नकोस, घशाशी येतं. १०-१५ मिनिटं थांब, मग पाठीमागे दोन उशा लावून रेलून पड. खिडक्या ओढून घे, पंखा लाव. मे महिन्यातल्या आपल्या दमट उकाड्यात वाऱ्याशिवाय डोळा लागत नाही. गजर २५ मिनिटांचा लाव, कारण झोप लागायलाच पाचेक मिनिटं जातात. मोबाइल हात पोचणार नाही असा ठेव. हे महत्त्वाचं: गजर बंद करून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणालास की थेट गाढ झोपेत जाशील.

पडण्याआधी अर्धा कप कॉफी पटकन पिऊन बघ. तिचा अंमल चढायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणजे तू उठतोस तेव्हाच ती कामाला लागते. ३ नंतर मात्र नको, कारण पाचेक तासांनीही तिचा निम्मा अंश शरीरात असतो.

झोप लागली नाही तरी चिडू नकोस. डोळे मिटून निवांत पडल्यानेही थकवा उतरतो.

उठल्यावर तोंडावर पाणी मार, उजेडात ये आणि १५ मिनिटं तरी स्कूटर काढू नकोस. ३ नंतर झोपायचंच नाही.

रात्री आधीच झोप लागत नसेल तर दोन आठवडे दुपारची झोप पूर्ण बंद कर. आणि रात्री ७-८ तास झोपूनही रोज दुपारी डोळे मिटत असतील, घोरण्याचा त्रास असेल, तर कॉफी-गजराच्या भरवशावर राहू नकोस, डॉक्टरला दाखव. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार आहेत.