पट्ट्या पूर्ण, तरी कॉल का अडखळतो?

प्रश्न : माझ्या फोनवर सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या दिसतात, वेगचाचणीतही आकडा चांगला येतो, तरीही संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळतो. टॉवर जवळच्या ग्राहकांना झुकते माप देतो का?

उत्तर : पट्ट्यांवरून टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरकस पोहोचतो एवढेच कळते. त्या क्षणी त्याच टॉवरकडे किती जण डेटा मागत आहेत, हे त्यांत दिसत नाही.

फोरजी जाळ्यात टॉवरमधील शेड्युलर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात 1000 वेळा, वाटपाचा निर्णय घेतो. 20 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत 180 किलोहर्ट्झचे 100 तुकडे असतात. त्यांतला कोणता कोणाला द्यायचा हे ठरवताना प्रत्येक फोनने 0 ते 15 या अंकांत कळवलेला वाहिनीचा दर्जा पाहिला जातो. नेहमी उत्तम दर्जाच्या फोनलाच संधी दिली, तर टॉवरवरून एकूण डेटा सर्वाधिक वाहतो, पण टॉवरच्या कक्षेच्या कडेचा ग्राहक उपाशी राहतो. निव्वळ पाळीपाळीने वाटले, तर चांगल्या सिग्नलचे क्षण वाया जातात. म्हणून ‘प्रपोर्शनल फेअर’ ही पद्धत सर्वत्र रुळली.

तिचा हिशेब साधा आहे. टॉवरजवळच्या फोनला आतापर्यंत सरासरी सेकंदाला 20 मेगाबिट मिळाले असून या क्षणीही तो 20च घेऊ शकतो, म्हणून त्याचे गुणोत्तर 1. कडेच्या फोनची सरासरी 2 आहे, पण या क्षणी सिग्नल सुधारल्यामुळे तो 3 घेऊ शकतो, म्हणून त्याचे गुणोत्तर 1.5. तुकडा कडेच्या फोनला मिळतो, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्याच सरासरीशी होते. मात्र वेळ साधारण सारखा मिळाला, तरी तेवढ्या वेळात जवळच्याच्या पदरात डेटा अधिक पडतो. ठरवून केलेला पक्षपात मला यात दिसत नाही, पण वेगातला फरक खराच आहे.

तुमच्या कॉलचे दुखणे मला टॉवरपाशी थांबलेल्या डेटाच्या रांगेत दिसते. पॅकेटे, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, अनियमितपणे येतात आणि एकेकाला सरासरी 1 मिलिसेकंद लागतो, असे रांगशास्त्रातले सर्वांत सोपे प्रतिमान घेतले, तर भार 50 टक्के असताना सरासरी विलंब 2 मिलिसेकंद, 90 टक्क्यांना 10 आणि 95 टक्क्यांना 20 होतो. शेवटच्या पाच टक्क्यांनी विलंब दुप्पट केला, ही गोष्ट विसरता कामा नये. फाइल उतरवताना हे जाणवत नाही. संभाषणात मात्र उशिरा आलेले पॅकेट हरवल्यातच जमा असते. याच कारणासाठी रांगेची लांबीही निर्णयात घेणाऱ्या पद्धती निघाल्या. टासियुलस आणि एफ्रेमिडीस या संशोधकांनी 1992 मध्ये दाखवले, की रांगेची लांबी आणि त्या क्षणीचा वेग यांचा गुणाकार सर्वाधिक होईल असे वाटप केल्यास, कोणत्याही पद्धतीला पेलवेल एवढा भार रांगा अमर्याद न वाढता पेलता येतो. तरीही रांगा आवरल्या म्हणजे प्रत्येक पॅकेट वेळेत पोहोचेल, असे नाही.

जाळ्याची पारख केवळ सरासरी वेगावर करणे मला अन्यायाचे वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फाइव्हजीच्या निकषांत सरासरीबरोबर सर्वांत मागच्या 5 टक्के ग्राहकांची सीमारेषाही धरली आहे. तुम्हीही वेगचाचणीऐवजी कॉल अडखळत असताना पिंगचे, म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचे, 100 आकडे नोंदवा आणि त्यांतले सर्वांत मोठे पाच सकाळच्या पाचांशी ताडून पाहा. संध्याकाळचे आकडे सातत्याने कित्येक पट मोठे निघाले आणि पट्ट्या तेवढ्याच राहिल्या, तर रांगेचा संशय बळावतो. सेवादात्याकडे तक्रार करताना हीच नोंद वेळेसह जोडावी.