उकळलेला शंखही टाकीत घालू नये, असं कधी?

प्रश्न : लेकीनं मोरजीच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शंख-शिंपले आणलेत. आमच्याकडे निऑन टेट्रा माशांची टाकी आहे आणि बडगी पक्ष्यांची जोडी. तिला ते टाकीत आणि पिंजऱ्यात ठेवायचेत. शेजारीण म्हणते, माडाच्या व्हिनेगरात रात्रभर बुडवा, झालं काम. चालेल ना?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : व्हिनेगर विंदालूसाठी ठेवा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात फसफस दिसते ती घाण निघाल्याची नव्हे, शिंपलाच विरघळत असतो. आणि ब्लीच वापरणार असाल, तर त्यात व्हिनेगरचा थेंबही नको. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आधी प्रत्येक शंखाच्या तोंडात डोकावून बघा. आत खेकडा किंवा गोगलगाय जिवंत असेल, तर लेकीला घेऊन परत मोरजी गाठा. काही जातींच्या शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे, हे तिला वाटेत सांगता येईल.

तिसऱ्यांसारखे पसरट शिंपले सोपे : जुन्या टूथब्रशनं घासा, थंड पाण्यात घालून दहा मिनिटं उकळा, भांड्यातच निवू द्या. साबण नको, तो खाचांत राहतो. खरी डोकेदुखी पीळदार शंखांची. शेवटच्या वेढ्यात मांस कुजत बसतं आणि टाकीत अमोनिया वाढतो. रोज पाणी बदलत भिजवा, खळखळून झटका, मग उकळा. वास येतोय तोवर काम झालं नाही. इथं नाकावर भरवसा ठेवावा. किनाऱ्यावरच्या दुकानांतले रंगवलेले, वॉर्निश लावलेले शंख मात्र शोकेसमध्येच बरे.

एवढं करूनही टेट्रांच्या टाकीत ते घालू नका. टेट्रा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. शिंपला हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, पीएच चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो. आपल्याकडचं जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊच, त्यात तर तो अधिकच विरघळतो. गप्पी, मॉली या माशांना मात्र असं जड पाणीच मानवतं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले काही चिमुकले सिक्लिड मासे तर गोगलगायींच्या रिकाम्या शंखांतच राहतात, तिथंच अंडी घालतात. लेकीचा हट्टच असेल, तर गप्पींची वेगळी टाकी करा.

बडगींना धारदार तुकडे नकोत. पिशवीत समुद्रफेस, म्हणजे माकूळच्या पाठीतलं पांढरं हलकं हाड, सापडलं असेल तर ते द्या. पाणी बदलत काही दिवस भिजवून खार काढा, उकळा, कडकडीत उन्हात वाळवा आणि मऊ बाजू पक्ष्यांकडे करून पिंजऱ्याला बांधा.