होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्यातली जखमांची वर्णनं वैद्यकीयदृष्ट्या कितपत खरी आहेत?

बरीचशी खरी, आणि काही ठिकाणी थक्क करणारी. जर्मन लष्करी डॉक्टर फ्रॉलिश यांनी 1879 मध्ये या काव्यातल्या 147 जखमा मोजल्या होत्या. बहुतेक भाल्याच्या, आणि बहुतेक प्राणघातक.

पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस ट्रॉयच्या एनीअसच्या खुब्यावर भलामोठा दगड मारतो. मांडीचं हाड जिथे फिरतं त्या खोबणीला ‘वाटी’ म्हणतात, असं होमर तिथेच सांगतो. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो, ग्रीकांची वाटी खुब्यात! त्याच सर्गात ट्रॉयच्याच फेरेक्लसच्या उजव्या कुल्ल्यात घुसलेला भाला हाडाखालून मूत्राशय फाडून बाहेर येतो. हा मार्ग शरीररचनेला धरून आहे. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या गळ्यात भाला शिरतो पण श्वासनलिका वाचते, म्हणूनच मरताना तो बोलू शकतो. हा तपशील मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण जखम आणि कथा तिथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

चुकाही आहेत. तेराव्या सर्गात पाठीतून थेट मानेपर्यंत जाणारी एक शीर कापली जाते. तशी शीर शरीरात नसते. ट्रॉयच्या बाजूच्या पिसँडरचे डोळे फटक्यासरशी धुळीत पडतात, तेही कवीच्या कल्पनेतलंच.

उपचार मात्र साधे आणि पटणारे. ग्रीक योद्धा युरिपिलसच्या मांडीतला बाण त्याचा सहकारी पॅट्रोक्लस सुरीने कापून काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो आणि कडू मुळी हातांनी चुरून जखमेवर लावतो. कळ थांबते, रक्त सुकतं.